खिळ्यांची ठुशी

पिंपरी पेंढारात गोरखला गोरख म्हणून हाक मारणारी माणसं दोनच. एक त्याची आई कुशाबाई आणि दुसरा बेल्ह्याचा मोईज. बाकी गावाच्या लेखी तो 'राकेट'. चहाच्या टपरीवर गेला की कुणीतरी विचारणारच, "काय राकेट, आज कंच्या ग्रहावरनं आगमन?" आणि गोरखही असलं बेणं, की न चिडता सांगायचा, "शुक्रावरनं. लई ऊन हाय राव तिथं, टोमॅटो टिकायचा न्हाई." पंचेचाळिशी उलटली, कानाजवळचे केस पिकले, पण या माणसाचं यानांचं वेड काही उतरलं नाही.

वेड लागलं ते वलीचाचांच्या घरी. वलीचाचा म्हणजे मोईजचे वडील. गोरख शाळेसाठी मामाकडं बेल्ह्यात होता, आणि आळीत टीव्ही एकट्या चाचांकडं. रविवारी सकाळी अवकाशातली मालिका लागली, की दोघं पोरं पार पडद्याला नाक लावून बसायची. अँटेना हलली की अख्खं यान मुंग्यांमध्ये गडप. मग मोईज छपरावर आणि गोरख खालून बोंबलतोय, "आलं, आलं... गेलं!" पुढं व्हिडिओ आला, सीडी आली, डिश आली, मोबाईल आला. गोरखनं मिळेल त्या पडद्यावर मिळेल ते पाहिलं. मारामाऱ्यांचं त्याला फारसं कौतुक नव्हतं. यानाचं दार सरकतं आणि पहिला माणूस अनोळखी मातीवर पाय टेकवतो, तेवढ्यासाठी तो दोन-दोन तास बसायचा. त्या घटकेला त्याच्या अंगावर अजूनही काटा येतो, आता बोला!

घरात त्याला सोबत आईची. बायको अक्षदा अंगणवाडीत सेविका, तिला असल्या गोष्टींना वेळ नव्हता. पण कुशाबाई मात्र लसूण निवडत शेजारी बसायची. इंग्रजी शून्य, हिंदी जेमतेम, तरी तिला सगळं कळायचं. "ह्यो मरतो बघ आता," ती आधीच सांगून टाकायची. "हवा बरी दिसती म्हणून डोक्यावरचं काढतंय येडं." आणि ते येडं खरंच मरायचं. गोरखला वाटायचं, सगळ्या तालुक्यात हे सिनेमे समजणारी बाई एकच आहे आणि ती आपल्या घरात आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात गोष्ट कुठं आली? सांगतो.

आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्या काही नवा नाही. पण हल्लीचा बिबट्या डोंगरातून खाली येत नाही, तो उसातच जन्मतो. त्याच्या आईनंही डोंगर पाहिलेला नसतो. गेल्या दोन-तीन सालांत त्याचं असं काही वाढलं, की गावाचं रूपच पालटलं. खांबावर कॅमेरा बसला, जनावर दिसलं की भोंगा वाजायला लागला. वनखात्याची माणसं उसावरून ड्रोन फिरवायला लागली. पोरं घोळक्यानं शाळेत जाऊ लागली, आणि दिवस मावळायच्या आत दारं लागू लागली. एका संध्याकाळी असाच भोंगा वाजला, माणसं भराभरा घरात शिरली, आणि ओट्यावर उभ्या गोरखच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे तर आपण पाहिलेलं आहे! परक्या ग्रहावरची वस्ती, भोवती कुंपण, कुंपणाबाहेर ते. जन्मभर तो भविष्याची वाट बघत होता आणि ते भविष्य मुकाट्यानं पिंपरी पेंढारात येऊन बसलं होतं. फक्त एकच गोष्ट त्याला उलगडेना, की यातला परग्रहावरचा कोण? ऊस लावला आपण, आणि जन्मला तो तिथं. हा विचार त्यानं टपरीवर बोलून दाखवला नाही. लोकांनी त्याला खुळ्यातच काढलं असतं.

मग शेजारच्या वस्तीवरची एक बाई बिबट्यानं मारली. गवत कापायला वाकली होती. वाकलेलं माणूस बिबट्याला चार पायांचं वाटतं म्हणतात, आणि तो धरतो गळाच. मातीला गोरख गेला होता. परत आला तो अन्नाला शिवला नाही, कारण कुशाबाई रोज सकाळी तेच करायची. उजाडायला विळा घेऊन उसाच्या कडेला वाकायची, म्हशीसाठी.

गावात पट्टे वाटले ते त्यानंतर. गळ्यात घालायचा जाड पट्टा, बाहेरून अणकुचीदार खिळे. धनगरांच्या कुत्र्यांना असतो तसाच, फक्त माणसाच्या मापाचा. कुशाबाईनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि खुंटीला अडकवला.

"मी काय कुत्रं हाय व्हय रं मेंढरामागचं?"

"आये, समद्या बाया घालत्यात."

"घालू देत की."

"तूच म्हणतीस ना, डोक्यावरचं काढणारा मरतो म्हणून? मग?"

"त्यो पिच्चर हाय. ही माझी म्हस हाय."

झालं, मिटलं. गोरखनं विनवलं, चिडला, एकदा तर विळाच लपवून ठेवला. म्हातारीनं लंकाबाईचा विळा आणला आणि गेली. तो टोमॅटो घेऊन नारायणगावला जायचा तेव्हा रस्ताभर त्याच्या डोळ्यांपुढं वाकलेली आई असायची. त्याला भीती वाटायची, लहान पोराला वाटते तशी उघडी भीती. आपण परत येऊ तेव्हा दारात माणसं जमलेली असली तर?

शेवटी त्यानं पट्टा पिशवीत घातला आणि बेल्हे गाठलं. मोईजचं तिथं गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं दुकान आहे. बाजाराचा दिवस होता, बैल भरलेले टेम्पो दारातून चालले होते.

"मोईज, आईला ह्यो कुत्र्याचा पट्टा वाटतो," गोरख म्हणाला. "तिचं तरी काय चुकलं? दिसतोच तसा. आपण ह्याला यानाच्या कप्तानाचा करू."

मोईजनं चष्मा कपाळावर सरकवला. त्याचा चेहरा बघता बघता दहा वर्षांच्या पोराचा झाला. "हेल्मेट ज्याच्यावर बसतं, तसली कडी? अरे यार, आधी नाही का सांगायचं!"

दोघांनी दुपार त्यात घातली. बाहेरून चंदेरी रेक्झिन, आतून टोचू नये म्हणून लाल मखमल, आणि खिळ्यांच्या मधल्या जागेत एकाला एक लागून सोनेरी गोल बटणं. गिऱ्हाईक येऊन परत गेलं तरी मोईजनं मान वर केली नाही. तयार झाल्यावर दोघं जरा लांब उभे राहून बघत राहिले. "चाची ह्यात यान चालवेल," मोईज म्हणाला. गोरखला आनंदानं हसूच आवरेना.

घरी आला तेव्हा कुशाबाई लंकाबाईबरोबर अंगणात बसली होती. लंकाबाई शेजारीण, वयानं बरोबरीची, जिभेला हाड नसलेली. गोरखनं पट्टा आईच्या मांडीवर ठेवला. कुशाबाईनं बोटानं बटणं चाचपली. तिला आवडला. अगदी क्षणभर का होईना, तिच्या तोंडावर हसू आलेलं गोरखनं पाहिलं.

तेवढ्यात लंकाबाई टाळी देत म्हणाली, "अगं बया! कुशे, ल्योकानं ठुशी केली गं तुला!"

म्हणाली आणि तिनं जीभ चावली. कुशाबाईच्या तोंडावरचं हसू गेलं. तिनं पट्टा हळूच बाजेवर पालथा ठेवला, पदर गळ्याभोवती ओढून घेतला आणि गोठ्यात निघून गेली. लंकाबाई पण चप्पल शोधत उठली.

गोरखला काही कळेना. तो तसाच स्वयंपाकघरात गेला. अक्षदा भाकरी थापत होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"अवो, तुमाला चंद्रावरचं दिसतं, घरातलं दिसत न्हाई का?" ती म्हणाली. "मामंजी गेले तवा तुमी मातीला गेलता. हिकडं पडवीत बायांनी आत्यांचं डोरलं काढलं, मी व्हते तिथं. त्या दिसापासनं त्यांनी गळ्यात काळा दोरासुदिक घातला न्हाई. कुण्या बुवाचा गंडा आणला तर तो बी मनगटाला बांधला. कुत्र्याचं नुसतं निमित्त हाय. आन तुमी त्याला सोनेरी बटणं लावून आणली!"

गोरख चुलीपाशीच बसला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. जन्मभर ती त्याच्या शेजारी बसून लसूण निवडत होती, आणि त्यानं मान वळवून तिच्या गळ्याकडं एकदा पाहिलं नव्हतं. सोनेरी बटणांत त्याला कप्तान दिसला. गावातल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, ही ठुशी आहे म्हणून.

जेवणं व्हायच्या आत त्यानं ब्लेडनं टाके उसवले. मखमल काढली, रेक्झिन काढलं, बटणं एकेक करून उपटली. मागं उरला तो जुनाच, ओबडधोबड पट्टा.

सकाळी कुशाबाई विळा घेऊन बाहेर आली तेव्हा तो अंगणात उभा होता. हातात दोन पट्टे. दुसरा त्याचा स्वतःचा. घरोघर सगळ्यांना मिळाले होते, पण आईला उपदेश करण्याच्या नादात या शहाण्यानं आपला एकदाही घातला नव्हता.

"माझा लावून दे," तो म्हणाला. "मागचं बक्कल मला घावत न्हाई."

बक्कल घावत नव्हतं हे खरंच होतं. मान वाकवता वाकवता त्याच्या मनात आलं, इतके सिनेमे पाहिले, पण कुणी आपलं हेल्मेट आपण बंद करताना दिसलं नाही. दुसरा येतो, खटका दाबतो, ओढून बघतो. आपण मात्र सगळा वेळ यानाच्या दाराकडं बघत बसलो. आईच्या बोटांना शेणाचा वास येत होता. तिनं बक्कल लावलं, खिळे चुकवत पट्टा दोनदा ओढून पाहिला.

"बसला," ती म्हणाली.

त्यानं दुसरा पट्टा पुढं केला. "समदं काढलं बघ. ठुशी न्हाई आता."

"अक्षदा बोलली वाटतं."

"व्हय."

कुशाबाई उसाकडं वळली. "लोकांचं न्हाई रं मला," ती म्हणाली. "लंकी काय, आज बोलती, उद्या इसरती. पर कवा गळ्याला हात गेला की रिकामं लागतं. ते रिकामं तुझ्या बापाचं हाय. त्यात दुसरं काय घालू वाटत न्हाई मला."

गोरखनं पुढं केलेला पट्टा मागं घेतला.

"मग नगं घालू," तो म्हणाला. "मी येतो संगं. तू काप, मी तुझ्या पाठीशी उभा ऱ्हातो."

"रोज?"

"रोज."

"आन टमाटं?"

"सडू दे टमाटं!" त्याचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "मला तू पायजे, आये."

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. खिळ्यांचा पट्टा घातलेला, डोळे भरलेला, एवढा थोरला बाप्या. गोठ्यात म्हैस ओरडली. कुशाबाईनं विळा खाली ठेवला, पदर बाजूला केला आणि त्याच्याकडं पाठ फिरवली.

"लाव."

कळत्या वयात गोरखनं आईच्या मानेला कधी हात लावला नव्हता. पांढऱ्या अंबाड्याखालची ती मान पोरीच्या मानेसारखी बारीक होती. त्यानं जपून पट्टा फिरवला, बक्कलात अडकवला, आणि आधी तिनं केलं तसं दोनदा ओढून पाहिलं. बक्कल नीट बसलं.

तिनं पट्ट्याच्या आतून दोन बोटं घालून पाहिली.

"जड हाय."

"काढू का?"

"ऱ्हाऊ दे." तिनं विळा उचलला. "त्यांचं डोरलंबी पयल्या दिशी असंच जड लागलं व्हतं. आठ दिस मान अवघडली व्हती माझी."

आणि ती पुढं झाली, बांधावरून, उसाच्या कडेला. गोरख तिच्या मागोमाग निघाला.