चाकं मुरवायची खोली

आमच्या कारखान्यातली सगळ्यात हवेशीर खोली माणसांसाठी नव्हती, चाकांसाठी होती. पहाडगंजला माहेरी मी हे सांगायचे तेव्हा सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचे, पण आतून मला रागच यायचा. गाझियाबादच्या त्या शेडमध्ये जूनच्या उन्हात हिशेबनीस घामाने भिजायचा आणि चाकं मात्र खिडकीच्या वाऱ्याला ऐटीत टांगलेली असायची.

दीनानाथ, म्हणजे आमचे हे, मूळचे सांगलीचे. सायकलच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरीसाठी दिल्लीला आले आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत नोकरीवर पाणी सोडून स्वतःची शेड टाकून बसले. रिम, हब, तारा आणि त्यांचं जुळवलेलं अख्खं चाक असं सगळं आम्ही बनवायचो. रिमवर ठसा असायचा ‘सुहास’. सुहासिनी, म्हणजे मी. नवऱ्याने आपलं नाव दूधवाल्यांच्या सायकलींवर घातलं याचं कौतुक करावं की भांडण काढावं, हे मला कधीच ठरवता आलं नाही. दोन्ही केलं.

तर ती खोली. चाकात तारा भरायच्या, चाक फिरवून त्याचा आऊट काढायचा, म्हणजे ते डावी-उजवीकडे न हलता सरळ फिरेल असं करायचं, की बाकीचे कारखानदार ते लगेच खोक्यात घालत. आमचं चाक छताच्या आकड्याला रात्रभर टांगलेलं राहायचं. तारा आपापल्या जागी बसतात, काही सैल पडतात. सकाळी पुन्हा फिरवून बघायचं, पुन्हा आवळायचं, मगच बाहेर. “लोणचं आहे का मुरायला?” असं मी एकदा चिडून म्हटलं आणि तो शब्द कारखान्याला कायमचा चिकटला. आमचा मिस्त्री गोरखपूरचा, पण तोही फोनवर गिऱ्हाइकाला सांगायचा, “आज नहीं साहब, चक्के मुर रहे हैं.”

हे शास्त्र होतं की नुसती ह्यांची श्रद्धा, देव जाणे. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून खड्ड्यांतून जाणाऱ्या सायकलींची आमची चाकं वर्षानुवर्षं टिकायची एवढं खरं. आणि ती मुरवल्यामुळेच टिकतात, याबद्दल ह्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मग नव्वदचं दशक आलं. दूध पिशव्यांतून यायला लागलं. दूधवाल्याच्या मुलाने मोटारसायकल घेतली. कारकून मंडळी स्कूटरवरून जायला लागली आणि स्कूटरवाले मारुतीकडे बघायला लागले. पेपरात रोज यायचं की बाजार खुला झाला. आमच्याकडे मात्र एकेक दुकानदार येणं बंद करत होता. आधी दुसरी पाळी गेली, मग मुलामा द्यायचा विभाग बंद पडला, मग वीस-वीस वर्षांची माणसं हिशेब घेऊन, पाया पडून गावी गेली. मी प्रत्येकाच्या हातावर लाडूचा डबा ठेवत होते आणि मला माझीच लाज वाटत होती.

अशात शार्दूल उगवला. पुण्याचा मुलगा, नोएडातल्या एका नव्या कंपनीत खरेदी बघायचा. नव्या सोसायट्यांतल्या मुलांसाठी रंगीबेरंगी सायकली काढायच्या होत्या त्यांना. मराठी घर म्हणून हक्काने पोहे खाल्ले आणि तोंड पुसत म्हणाला, “काका, ऑर्डर मोठी आहे, दिवाळीच्या आत माल हवा. पण हे रात्रभर टांगणं वगैरे नाही चालणार. अहो, मुलांच्या सायकली आहेत, दूधवाल्याच्या नाहीत.”

“न मुरवता चाक देत नाही मी,” हे म्हणाले.

आमचा अविनाश तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता. शार्दूल गेल्यावर त्याने बापाला सुनावलं, “बाबा, ही ऑर्डर गेली तर याच वर्षी कुलूप लागेल. मग काय मुरवणार आहात?”

दोन-तीन दिवस तसेच गेले. मग एका सकाळी स्वतःच स्टुलावर चढले आणि छताचे आकडे एकेक करून काढून टाकले. मिस्त्री मदतीला धावला तर त्याला हाताने थांबवलं. त्या खोलीत माल भरायची टेबलं मांडली गेली. दुपारचा डबा तसाच घरी आला.

चाकं वेळेवर गेली, आणि हे तक्रारीची वाट बघायला लागले. फोन वाजला की दचकायचे. “येईल. सहा महिन्यांत चाकं डुगडुगायला लागतील, बघ तू.” होळी गेली, पाऊस गेला, तक्रार काही आली नाही. आला तो शार्दूल, पुढच्या वर्षी, मिठाईचा खोका घेऊन. “काका, तुमच्या मालाबद्दल एकही कम्प्लेंट नाही, बिल्कुल नाही. पण आता अख्खी सायकलच चीनमधून येतेय.”

कुलूप लागलं. शेड विकली, तिथे बँक्वेट हॉल झाला. चाकं मुरवायच्या खोलीत आता नवरीला नटवतात.

हे मात्र कोणालाही भेटले की एकच सांगायचे. “पोरगा भिडेखातर बोलला, तक्रारी आल्याच असणार. मी चाकं न मुरवता दिली म्हणून काम गेलं.” मी आधी वैतागायचे, भांडायचे. मग मला कळलं की त्या दोषावरच ते उभे आहेत. मुरवली असती तर कारखाना वाचला असता, एवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं. ते काढून घेण्याइतकी मी दुष्ट नाही.

आता आम्ही इंदिरापुरमला अविनाशकडे असतो, बाराव्या मजल्यावर. परवा नातीच्या, इशिताच्या सायकलची हवा गेल्याचं ह्यांच्या कानावर आलं. पंप काढला, जुनी तारा आवळायची चावी खिशात टाकली आणि निघाले खाली. बेसमेंटच्या पायऱ्यांवर पडतील म्हणून मीही मागोमाग गेले.

खांबामागे लहान मुलांच्या सायकलींचा ढीग होता. धूळ, जाळी, मुठींवरचं प्लॅस्टिक अजून तसंच. ह्यांनी रुमालाने एक रिम पुसली. माझं नाव निघालं.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला भीतीच वाटली. “आता बघ, कशी डुगडुगतात,” म्हणाले. सायकलचं पुढचं चाक उचललं, रिमजवळ अंगठा धरला आणि चाक फिरवलं. ते सरळ फिरलं, अंगठ्याला जरासुद्धा लागलं नाही. दुसरी सायकल ओढली, मग तिसरी. सगळी चाकं सरळ. खिशातली चावी तशीच राहिली. टायरवर नव्या मालाला असतात ते रबराचे बारीक केससुद्धा झिजले नव्हते.

गार्ड जवळ आला. “ये तो कभी चली ही नहीं, अंकल. नीचे गाड़ियाँ घूमती हैं, बच्चों को कौन चलाने देता है? अब तो बच्चे भी बड़े हो गए. इतवार को कबाड़ी ले जाएगा.”

हे चाकावर हात ठेवून उभे राहिले. “अहो, चला वर,” मी म्हटलं.

“सुहास,” ते म्हणाले, “मुरवली असती तरी इथेच असती गं.”

मग ते वाकले आणि इशिताच्या सायकलमध्ये हवा भरायला लागले. मी पंपाचा पाय धरून ठेवला. त्या सायकलचे रबराचे केसही तसेच होते.