झारीतला गुलखैरा

मित्रांनो, मी एक जुनी, जस्ती पत्र्याची झारी आहे आणि मी रागावलेली आहे. झारीने पाणी घालावे आणि कोपऱ्यात गुमान बसावे, असा जगाचा दंडक आहे. तो मी फार वर्षे पाळला. आज नाही पाळणार.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. पत्रा वाकवला, सांध्यांना कथलाचा डाख दिला, तोंडावरच्या जाळीला सुईइतकी बारीक भोके पाडली. "रोपाला मार बसता कामा नये, नुसती तहान भागली पाहिजे," असे तो स्वतःशीच पुटपुटला. माझ्यावर झालेला संस्कार म्हणाल तर तो एवढाच.

मला विकत घेतले एका परिचारिकेने. रुग्णालयातून परतली की हातपाय धुऊन ती आधी मला उचलायची. तिच्या हातात दिवसभराची दुसऱ्यांची दुखणी असत. पाणी घालता घालता ती जणू त्या धारेतून मातीत उतरत. "हिच्यासारखी झारी नाही," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि माझा पत्रा उन्हाशिवायही तापे.

तिचा नवरा कचेरीतून निवृत्त झालेला. सारी आळी त्याला 'टापटीप' म्हणे. दोरीवरचे रुमालसुद्धा तो उंचीप्रमाणे वाळत घाली. आमच्या वसाहतीत दरवर्षी अंगणांची स्पर्धा होते. आदल्या संध्याकाळी तो रोपवाटिकेतून फुललेल्या कुंड्या आणी, काठापर्यंत मातीत पुरी आणि सकाळी परीक्षकांपुढे हात मागे बांधून उभा राही. फुले जणू रात्रीतून त्याच्या शिस्तीला घाबरूनच उगवली असावीत.

पुढे अंगणात रबरी नळी आली. माझा तळ गंजून गळून गेला होता. मला परसात, धुण्याच्या दगडाशेजारी भिरकावण्यात आले. कुणी शेवटचे वळूनही पाहिले नाही. पण माझा राग त्याचा नाही, मित्रांनो. तो पुढच्या गोष्टीचा आहे.

त्या वर्षी मालकिणीने पुढच्या अंगणात गुलखैरा पेरला. हे दोन वर्षांचे फूल. पहिल्या वर्षी ते नुसती पाने धरते, जमिनीलगत, आणि खाली अंधारात मूळ खोल खोल नेते. दुसऱ्या वर्षी दांडा उठतो, माणसाच्या डोक्याला मागे टाकतो आणि खालून वर फुलत जातो. मग बी धरून ते सुकते. त्याचे आयुष्यच एवढे. त्यातले अर्धे ते न दिसण्यात घालवते.

हे घरात कुणाला पटणार? घरातच शिवणयंत्र चालवणारी नणंद रोज टोमणा मारी, "वहिनी, कोबी कधी काढायचा? भाजीला काही नाहीये आज."

"थांबा वन्सं, पुढच्या वर्षी तुमच्याच खिडकीत डोकावेल तो कोबी," मालकीण हसून म्हणे.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती कामावर होती. टापटीपने सगळी रोपे उपटली आणि परसात, माझ्या अंगावर आणून टाकली. पाने अजून ताठ होती. मुळांना ओली माती होती. ज्यांनी अजून काहीच मागितले नव्हते, त्यांना अशी शिक्षा.

ती परतली. गणवेशही न उतरवता परसात आली.

"उपटलीत?"

"नुसता पाला होता गं. परीक्षकांना काय, पाला दाखवू?"

"पेरतानाच सांगितलं होतं तुम्हाला. दोन वर्षं लागतात याला."

"वर्षभर खाऊन-पिऊन काही न देणारं झाड हवंय कशाला?"

तिने ढीग चाळला. एकाच रोपाचे मूळ अखंड निघाले. तिने मला उभे केले, भिंतीशी टेकवले, माझ्या पोटात माती भरली आणि ते रोप त्यात बसवले. ज्या पोटात मी आयुष्यभर पाणी वाहिले, त्यात आता मुळाची हालचाल होती. थंडीत पाने करपली. तिने वर वाळके गवत पसरले. आणि माझ्या फुटक्या तळातून ते मूळ हळूच खालच्या जमिनीत उतरले. माझा गंज कुणाच्या तरी उपयोगी पडला.

पुढच्या वर्षी दांडा उठला. नणंदेच्या परसाकडच्या खिडकीवरून वर गेला आणि गडद लाल फुलला. स्पर्धेच्या सकाळी तो टापटीपच्या नजरेस पडला.

"हे झारीसकट उचलून पुढं नेऊ," म्हणत त्याने माझी मूठ धरली.

"सोडा ती. मूळ खाली जमिनीत गेलंय. उचललंत तर तुटेल."

"तुटू दे की. संध्याकाळपर्यंत तर टिकेल? आपल्याला तेवढंच पाहिजे."

मित्रांनो, मला दात असते तर मी तो हात चावला असता. मालकिणीने माझ्या काठावर दोन्ही हात ठेवले आणि सारा भार टाकला.

"मग आधी मला उचला."

त्याने मूठ सोडली. एवढ्यात परीक्षकबाई आल्या. कुंपणावरून लाल शेंडा पाहून त्या स्वयंपाकघरातून थेट परसात शिरल्या.

"सुंदर. कोणी वाढवलंय?"

"आम्हीच," टापटीप म्हणाला.

"दादा, तू तर उपटलं होतंस," खिडकीतून नणंद म्हणाली. "मी कोबी म्हणत होते. वाढवलं वहिनीनं."

परीक्षकबाईंनी सांगितले, नियमाप्रमाणे गुण फक्त पुढच्या अंगणाला. बक्षीस शेजारी गेले. मालकीण त्या वेळी खाली वाकून बुंध्याशी माती सारखी करत होती.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणीतरी नुसती पाने धरून बसलेले असेल. विचारले तर दाखवायला त्याच्याजवळ काही नसेल. त्याला पाणी घालायला जमत नसेल तर घालू नका. पण त्याच्या मुळाला हात लावू नका.