मगर कोणाला खाते

झेली व्हर्डँची दुसरी चाचणी तपासून मिस कोरीननं कोपऱ्यात लाल पेनानं तीन हा आकडा लिहिला आणि तो कागद तिच्या पहिल्या चाचणीवर ठेवला. त्या कागदावरही तीनच होते. वीसपैकी तीन.

तिसरी चाचणी शुक्रवारी होती. तिन्ही चाचण्यांत चौदाच्या खाली राहिलेलं मूल पुढच्या वर्षी पुन्हा पहिलीतच बसणार, असा शिक्षण कार्यालयाचा त्या वर्षीचा नवा नियम होता. वर्गातल्या एकोणीस मुलांपैकी दोन्ही वेळा खाली राहिलेली झेली एकटीच. बाकीचे महिनाभरापूर्वीच दोन आकड्यांमध्ये लहान-मोठ्याचं चिन्ह काढायला शिकले होते, मोठ्या आकड्याकडे तोंड वासलेल्या मगरीसारखं. फळ्याच्या वर पुठ्ठ्याची हिरवी मगर बावीस वर्षं टांगलेली होती. तिचे दात दर उन्हाळ्यात मिस कोरीन पांढऱ्या रंगानं नवे करायची.

दोन्ही कागदांना टाचणी लावता लावता तिचा हात थांबला. बरोबर आलेली तीन उत्तरं दोन्ही कागदांवर एकाच जातीची होती. चार आणि चार, नऊ आणि नऊ, बारा आणि बारा. तिथं झेलीनं बरोबरीचं चिन्ह नीट काढलं होतं. उरलेली सतराच्या सतरा चूक. ज्याला समजलेलं नसतं ते मूल अंदाजानं लिहितं, आणि अंदाजानं लिहिलं तरी पाच-सात उत्तरं बरोबर येऊन जातात. सतरापैकी एकही बरोबर येऊ द्यायचं नाही, तेही दोनदा, यासाठी बरोबर उत्तर माहीत असावं लागतं.

बुधवारी मधल्या सुट्टीत तिनं झेलीला थांबवून घेतलं.

"आठ मोठे की पाच?"

"आठ." झेलीचं लक्ष खिडकीबाहेरच्या झोपाळ्यांकडे होतं. तिचा नंबर जात होता.

"मग मगर कोणाला खाते?"

"पाचला."

"का गं?"

झेलीनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मोठ्या माणसाला इतकी साधी गोष्ट विचारावी लागते याचं तिला वाईट वाटलं असावं.

"पाच लहान आहे ना, मिस कोरीन. आठ तिच्या तोंडात कसा मावेल?"

"आणि दोघं सारखे असले तर?"

"तर ती जाते. दोघं मिळून तिला मारतील."

 मिस कोरीनचा जन्म याच बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याच्या, काठावरचा. ती सात वर्षांची असताना घरामागच्या धक्क्यावरून मगरीनं त्यांचं कुत्र्याचं पिल्लू नेलं होतं. चार हातांवर काकांची गाय पाणी पीत उभी होती, तिच्याकडे मगरीनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हे सगळं तिला आठवत होतं, कधी विसरलीच नव्हती. पुठ्ठ्याची मगर मात्र शाळेच्या सामानाच्या यादीतून आली होती, जिथं हिवाळ्यात बर्फ पडतो अशा कुठल्याशा गावाहून. या दोन मगरींची गाठ तिनं बावीस वर्षांत कधी घातली नव्हती.

"हे बघ," ती म्हणाली, "शुक्रवारी तू फक्त उलटं कर. तुला जिकडे वाटतं, त्याच्या विरुद्ध बाजूला तोंड काढ. जमेल?"

"जमेल की."

"करशील?"

झेलीनं मान हलवली. नाही.

"का?"

"पॉपॉ म्हणतो, मगरीबद्दल खोटं बोलायचं नाही. कुणीतरी विश्वास ठेवतं आणि मग त्याचा हात जातो."

पॉपॉ म्हणजे तिचा आजोबा, ओव्हीड व्हर्डँ. कुणाच्या अंगणात, गटारात, पोहण्याच्या तलावात मगर शिरली की त्याला फोन जायचा. झेलीची आई समुद्रातल्या तेलविहिरीवर स्वयंपाकाला होती, चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस इकडे. तिकडचे दिवस असले की शाळेतून न्यायला आजोबा यायचा. त्या दुपारी त्याच्या ट्रकच्या मागच्या हौद्यात पाच फुटी मगर होती. पाय बांधलेले, आणि तोंडाला वायरमनची काळी टेप गुंडाळलेली. मुलांनी ट्रकला गराडा घातला.

"हात लावू, मिस्टर ओव्हीड?"

"लाव की. टेप लावल्यावर ती तुझ्या मावशीपेक्षा गरीब." मग तो मिस कोरीनकडे वळला. तो तिच्या बापाबरोबर कोळंबीच्या नावेवर होता, तिला अजून पोरच समजायचा. "काय गं कोरीन, पोरगी नापास होतेय म्हणे."

"मगर लहान आकड्याला खाते म्हणते."

"मग? तू काय शिकवतेस?"

"मोठ्याला खाते."

ओव्हीडनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "तुझ्या बापाला सांगितलं होतं मी, हिला शहरात शिकायला पाठवू नकोस."

"मिस्टर ओव्हीड, गंमत नाही. शुक्रवारी पुन्हा असंच लिहिलं तर वर्ष जाईल तिचं. तुम्ही सांगा ना तिला, कागदावरची मगर वेगळी असते."

"कुठं वेगळी असते?" त्यानं विचारलं, आणि तो खरंच उत्तराची वाट पाहत राहिला. "मोठं दिसलं की मगर पाण्यात शिरते. म्हणून मी पोरांना सांगतो, मगर दिसली तर वाकू नका, बसू नका, उभे राहा. तू सांगतेस ती मोठ्याला खाते. उद्या एखादं कार्टं खाली बसेल."

 ट्रक निघाला तेव्हा झेली मागच्या काचेतून मगरीवर नजर ठेवून बसली होती.

गुरुवारी सकाळी मुलं आली तेव्हा फळ्याच्या वरची जागा रिकामी होती, आणि भिंतीवर तेवढा रंग जास्त ताजा दिसत होता.

"मगर कुठे गेली?"

"पॉपॉनं धरली," झेलीनं परस्पर सांगून टाकलं.

मिस कोरीननं मेजावर लाकडी ठोकळ्यांचे दोन मनोरे रचले, डावीकडे आठ ठोकळ्यांचा आणि उजवीकडे पाचांचा. एक सरळ काडी दोघांच्या पायथ्याशी ठेवली आणि दुसरी दोघांच्या डोक्यावर टेकवली. मग मुलांना डोळे मेजाच्या उंचीवर आणायला सांगितलं. खालची काडी आडवी होती, वरची उजवीकडे उतरत गेली होती.

"काड्यांमध्ये जागा कुठे जास्त आहे?"

"आठाकडे!"

"आणि कुठे कमी?"

"पाचाकडे!"

तिनं उंच मनोऱ्याला हात लावला नाही, लहानाचे ठोकळे काढले. पाचाचे तीन झाले, तीनाचा एक झाला, आणि काड्या त्या टोकाला जवळ येत येत जवळजवळ चिकटल्या. तेच तिनं फळ्यावर काढलं, मोठ्याकडे उघडं आणि लहानाकडे मिटलेलं चिन्ह. मग दोन्हीकडे चार-चार ठोकळे ठेवले. काड्या एकमेकींच्या बरोबरीनं गेल्या, कुठेच जवळ आल्या नाहीत.

"हे तर बरोबरीचं चिन्ह!" एकजण ओरडला. मिस कोरीनला ते आधी सुचलं नव्हतं असं नाही, पण इतक्या वर्षांत तिनं ते कुणाला दाखवलं नव्हतं.

झेलीनं मेजाला हनुवटी टेकवली होती. बराच वेळ तिनं काड्यांकडे एका डोळ्यानं पाहिलं.

"म्हणजे यात मगर नाहीच."

"नाहीच."

"मग आधी का सांगितलं होतं?"

"मला सोपं वाटलं होतं."

झेलीनं हे उत्तर मान्य केलं की नाही ते कळलं नाही. तिनं सात आणि दोन ठोकळे रचले, काड्या ठेवल्या आणि कागदावर चिन्ह काढलं. बरोबर. दोन आणि सात. बरोबर. त्यानंतर तिची काड्यांची गरजच संपली.

शुक्रवारी चाचणीचे कागद घेऊन कार्यालयातून हॅस्केल नावाचा तरुण आला. मिस कोरीननं वरचा कागद पाहिला. डोक्यावर हसरी मगर छापलेली होती, आणि खाली, "मला भूक लागली आहे! मला मोठी संख्या भरवा!"

"याच्याशिवाय कागद नाहीत का?"

"सगळ्या शाळांना एकच कागद आहे, मिस कोरीन. मुलांना आवडतं."

"मी मुलांना दोन शब्द सांगू?"

"चाचणी सुरू झाल्यावर नाही." त्यानं घड्याळ पाहिलं. "आणि ती सुरू झाली आहे. वीस मिनिटं."

मुलं कामाला लागली. झेली मात्र लागली नाही. ती मगरीकडे बघत होती. दोन मिनिटं गेली, मग तीन. मिस कोरीन मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिथून झेलीची वेणी दिसत होती आणि कोरा कागद दिसत होता. चौदा उत्तरं हवी होती.

झेलीनं हात वर केला. "काळा खडू घेऊ?"

"उत्तरं पेन्सिलीनंच लिहायची," हॅस्केल म्हणाला.

"उत्तरांना नकोय."

"चित्र रंगवायचे गुण नाहीत, बाळ."

"माहितीये."

त्यानं खांदे उडवले. झेलीनं दप्तरातून काळा रंगखडू काढला आणि ती मगरीवर वाकली. घाई काही नव्हती तिला. खडू एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेला, परत आला, पुन्हा गेला. नववं मिनिट. पलीकडच्या बाकावरच्या मुलानं पान उलटलं.  अकराव्या मिनिटाला झेलीनं खडू दप्तरात ठेवला, बोटं फ्रॉकला पुसली आणि पेन्सिल घेतली.

मग ती थांबली नाही. वेळ संपला तेव्हा शेवटचे तीन प्रश्न राहिले होते.

मुलं जेवणासाठी दारापाशी रांगेत उभी राहिली. हॅस्केल तिथंच बसून कागद तपासत होता. झेलीचा कागद त्यानं उत्तरांच्या यादीशी लावला, बोट खाली खाली नेलं, आणि परत वरून नेलं.

"सतरा," तो म्हणाला. "लिहिलेलं सगळं बरोबर आहे." त्यानं कागद जवळ धरला. "पण हे तोंडाला काय केलंय?"

मगरीचा हसरा जबडा वरपासून खालपर्यंत काळ्या पट्ट्यांनी घट्ट गुंडाळलेला होता. भुकेबद्दलचे शब्दही पट्ट्यांखाली गेले होते.

"टेप आहे," मिस कोरीन म्हणाली.

"टेप कशाला?"

रांगेतून झेलीनंच उत्तर दिलं. डबा तिच्या हातात होता आणि तिला भूक लागली होती.

"मला तिच्या तोंडाखालीच हातानं काम करायचं होतं ना."

हॅस्केलनं मिस कोरीनकडे पाहिलं. ती काही समजावून सांगेल असं त्याला वाटलं असावं. तिनं नुसतं पेन पुढे केलं, आणि त्यानं चौकटीत सतरा लिहिलं.