नर्सला बोलावणारी बेल

मी बेल बोलतेय. देवळातली नाही, दारावरचीही नाही. अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड गावातल्या एका वृद्धाश्रमात पलंगाच्या कठड्याला बांधलेली, नर्सला बोलावणारी. पांढऱ्या प्लास्टिकची मूठ, वर लाल बटण आणि भिंतीत शिरलेली वायर, एवढाच माझा देह. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, आपल्यामुळे माणसं वाचतील. इथे आल्यावर कळलं, एसी कमी करायलाही मलाच दाबतात.

मला माणसं आवडत नाहीत. उगाच गोड बोलणार नाही.

माझे सध्याचे मालक म्हणजे डॉक्टर सुमंतकाका. मूळचे नागपूरचे, आयुष्य ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात मोठ्या हुद्द्यावर गेलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून इथे पडून असतात. उशी सरकली, दाबलं बटण. चहा कोमट झाला, दाबलं बटण. आणि दर वेळी नर्स मार्वा धावत यायची.

मार्वा कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या देशातली. "मीच सिलेक्ट केलं हिला," काका भेटायला येणाऱ्यांना सांगायचे. "हा वृद्धाश्रम आमच्याच हॉस्पिटलचा. आमची टीम तिकडे गेली होती. बीचवरच्या हॉटेलात इंटरव्ह्यू घेतले. त्यांच्या सरकारी हॉस्पिटलातल्या बेस्ट नर्सेस उचलून आणल्या!" ऐकणारे कौतुकानं हसायचे. तिथे मागे कोण उरलं, हे एकानंही विचारलं नाही.

मागच्या उन्हाळ्यातली दुपार. काकांचा मुलगा केदार आणि सून अंतरा आले होते. मार्वा गोळ्या देत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. भावाचा होता. तिच्या देशात आईचं ऑपरेशन झालं होतं. टाके उसवले होते, चादर रक्तानं भिजली होती आणि वॉर्डात एकही नर्स नव्हती. होती ती एकटी खालच्या मजल्यावर बाळंतिणीपाशी अडकलेली.

"स्वच्छ टॉवेल घे," मार्वा भावाला म्हणाली. "जखमेवर दाबून धर. दोन्ही हातांनी. उचलून बघू नकोस."

काकांनी मला दाबलं. ती समोर, हातभर अंतरावर उभी होती, तरी दाबलं. मग पुन्हा. आणि मला गप्प राहता येत नाही.

"बाबा, एक मिनिट थांबा ना," अंतरा म्हणाली.

"ड्यूटीवर फोन? हे अनप्रोफेशनल आहे यार," केदार वैतागला.

फोन कानाशी धरूनच मार्वानं काकांकडे पाहिलं. "डॉक्टर, माझी आई जिथे रक्तात पडलीय, तो माझाच वॉर्ड आहे. तुम्ही मला निवडेपर्यंत मी तिथेच होते."

काकांचा अंगठा माझ्यावरून सरकला. वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल.

"एक गोळी राहिलीय," ते म्हणाले.

आई वाचली. मासेमारी करणाऱ्या त्या भावानं डॉक्टर येईपर्यंत जखमेवरचा हात काढला नव्हता. इकडे केदारनं तक्रार केली. सुपरवायझरनं खोलीत येऊन अंतराला विचारलं, तर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझं नीट लक्ष नव्हतं." मार्वाला ताकीद मिळाली. तिनं राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी तिनं माझ्या वायरचा गुंता सोडवला आणि मला काकांच्या हाताशी ठेवलं.

"परत त्याच वॉर्डात चालले आहे," ती म्हणाली.

"तिथे काय मिळणार तुला?"

"पेशंट."

गेल्या आठवड्यात नवी नर्स आली. अगदी कोवळी पोर. तिनं नाव सांगितलं, देश सांगितला. मार्वाचाच. काकांनी "गुड, गुड" म्हणत मान डोलावली आणि ती दाराबाहेर पडायच्या आत मला दाबलं.

वाचकहो, कधीतरी तुमच्याही हाताशी मी येईन. तुम्ही मला दाबाल आणि कुणीतरी धावत येईल. ती कुणाच्या उशापासून उठून आलीय, एवढं तिला विचारा. नाही विचारणार तुम्ही. माहीत आहे मला.