पाचवं शील

निळं झाकण. पाण्याच्या बाटलीचं, प्लॅस्टिकचं, कडेला जरा चावल्यासारखं झालेलं — करुणानं ते नाकाशी नेलं आणि मग तिच्या लक्षात आलं की बाटली अजून भरलेलीच नाही, रात्रभर ती ओट्यावर पालथी होती, तिला वास येणार तरी कशाचा. तरी तिनं पुन्हा एकदा हुंगलं. एकदा हुंगून ज्यांचं समाधान होतं त्या बायका वेगळ्या. त्यांच्या नवऱ्यांनी बाटल्या तांदळाच्या डब्यात, कूलरच्या टाकीत आणि एकदा तर बुद्धमूर्तीच्या चौरंगाखाली लपवलेल्या नसतात.

सात महिने झाले होते. प्रमोदनं सात महिने घेतली नाही असं तो म्हणत होता, त्याची आई पद्माबाई म्हणत होती, त्याला पुन्हा जीप चालवायला देणारा मालक म्हणत होता, निम्मं सेनगाव म्हणत होतं. करुणाचं नाक तेवढं म्हणायला तयार नव्हतं.

आणि आज सत्कार! आश्विन पौर्णिमा, दहाला विहारात वंदना, मग प्रमोदला शाल, फुलं, दोन शब्द. कशाबद्दल, तर दारू सोडल्याबद्दल. उद्या एखाद्यानं चोरी सोडली तर त्याचीही मिरवणूक काढा... मी तर जन्मात थेंब घेतला नाही, माझी शाल कुठंय? पंधरा वर्षं ओकाऱ्या पुसल्या त्या हातांना कुणी फूल देणार आहे का?

विहार समितीचा धम्मानंद परवा घरी येऊन बसला होता. चहा फुंकत म्हणाला, "ताई, आजार हाय तो. आजारातून माणूस उठला तर गावानं आनंद करावा का न्हाई?"

आजार. हा शब्द तो तिला शिकवत होता — तिला, जी पुसेगावच्या उपकेंद्रात नर्स होती, जी महिन्यातून एकदा भिंतीला चित्रांचा तक्ता टांगून बायकांना हेच सांगायची, की व्यसन हा आजार आहे, तो एकट्याचा नसतो, अख्ख्या घराला होतो, रुग्णाचा तिरस्कार करू नका. समोरच्या बायका मुकाट ऐकायच्या. त्यांच्यातल्या एखादीच्या डोळ्याखाली काळंनिळं असायचं, आणि करुणा तक्ता गुंडाळताना मनात म्हणायची, करा बायांनो, खुशाल करा तिरस्कार. टायफॉइडचा रोगी कधी उंबऱ्यावर मुतून वर बायकोला गाणं म्हणून दाखवतो का?

"करुणा, आज तरी त्याच्याकडं नीट बघ," पद्माबाई दारातून म्हणाल्या. "कसं तेज आलंय माझ्या लेकराला."

"तेज कुठलं, आत्या. दाढी केलीय त्यांनी."

प्रमोद पांढरा शर्ट घालून आला. चेहरा धुतलेला, गरीब — हा गरीब चेहरा तर तिला जास्तच झोंबायचा. प्यायलेला असताना निदान भांडता यायचं. "कॉलरचं बटन निघून राहिलं," तो म्हणाला. तिनं सुई आणली. दोरा दातानं तोडायला वाकली तेव्हा मान आपोआप जरा जास्तच वाकली. साबण... दाढीचं क्रीम... बडीशेप. बडीशेप कशाला? सकाळी सकाळी बडीशेप कशाला खातो माणूस?

दारात आकांक्षा उभी होती. वय वर्षं तेरा, अर्धी वेणी हातात. ती बापाकडं बघत नव्हती, आईच्या भुवईकडं बघत होती. डावी भुवई वर गेली की पप्पा पिऊन आलेत, दप्तर उचलायचं आणि शेजारच्या नानीबाईकडं जाऊन बसायचं. भुवई जागेवर राहिली की घरातच अभ्यास. पोरगी सहा वर्षांची असल्यापासून हे चालत आलेलं, आणि त्याबद्दल मायलेकी कधी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आज करुणानं भुवई जागेवर ठेवली. आकांक्षा उरलेली वेणी घालू लागली.

विहाराकडं जाताना रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत पडलं होतं. प्रमोद पुढं चालला होता, आणि लोक त्याला थांबवून "जयभीम, प्रमोदभाऊ" म्हणत होते. हेच लोक तो गटारीत पडला की तिला निरोप पाठवायचे — तुमचं माणूस येऊन घेऊन जा. मग ती जायची, त्याला आणायची, आणि सकाळी जीपच्या मालकाला फोन करून सांगायची, ताप आलाय हो त्यांना, अंगाला हात लावू देईनात. मालक हं म्हणायचा. कितीदा ताप आला असेल? एवढा ताप येऊन माणूस जगतो तरी कसा, असं त्यानं कधी विचारलं नाही.

विहारात पुरुष डावीकडं, बायका उजवीकडं. प्रमोद अगदी पुढं, सत्काराचा माणूस म्हणून. करुणा तिसऱ्या रांगेत बसली, तिथून त्याचा जबडा दिसत होता. तिला तेवढाच हवा होता.

कारण पाचवं शील. दारूपासून दूर राहण्याचं. पंधरा वर्षांत प्रमोदनं ते एकदाही म्हटलं नव्हतं. पहिली चार खणखणीत म्हणायचा आणि पाचव्याला गप्प. एकदा, खूप वर्षांपूर्वी, विहारातून परतताना तिनं विचारलं होतं, "पाचवं काहून म्हणत न्हाई तुमी?" तर हे महाराज डुलत डुलत म्हणाले, "चौथं शील खोटं न बोलायचं हाय. पाचवं म्हटलं तर चौथं मोडतं. दोन्ही मोडून ऱ्हायलं काय मग?" बेवड्याचं तत्त्वज्ञान! तिला तेव्हा किळस आली होती. पण तेव्हापासून प्रत्येक पौर्णिमेला ती कान देऊन ऐकायची, आणि ती गप्प जागा बरोबर तिथंच असायची.

वंदना सुरू झाली. पहिलं, दुसरं, तिसरं. प्रमोदचा आवाज सगळ्यांच्या वर. चौथं तिनंही स्वच्छ म्हणायला घेतलं, आणि मध्येच तो फोन आठवला — ताप आलाय हो त्यांना... ती एका शब्दावर अडखळली. मग पाचवं आलं. सगळं विहार म्हणत होतं. प्रमोदचा जबडा हलला नाही.

आणि करुणाच्या छातीत आनंद उसळला. खरा आनंद, सणासारखा, लपवता न येणारा. म्हटलं नव्हतं का मी! बडीशेप! द्या आता शाल, वाजवा टाळ्या... हे कुणाला तरी सांगायला हवं म्हणून ती वळली. शेजारी बसलेली आकांक्षा तिच्याकडंच बघत होती. डोळे चमकत होते, ओठ एका बाजूला मुडपलेले, आणि डावी भुवई वर. ती पोरगीसुद्धा ऐकत होती. तिलाही हवं होतं. तेरा वर्षांच्या तोंडावर ते तुच्छ, खूष हसू करुणानं पाहिलं आणि आरशात पाहिल्यासारखं तिला ते ओळखू आलं.

तिचा आनंद तिथंच आंबला. लेकरू बापाच्या पडण्याची वाट बघून राहिलं होतं, आणि हे त्याला दारूनं शिकवलेलं नव्हतं. तोवर शील संपलं होतं. ऐकायच्या नादात पाचवं तिचंही म्हणायचं राहून गेलं होतं.

धम्मानंद माइकवर होता. "...तर शाल आपण करुणाताईंच्या हातानं घालणार आहोत. या, ताई."

ती उठली. प्रमोद मान खाली घालून उभा. तिनं शाल उलगडून त्याच्या खांद्यावर टाकली तेव्हा तो ओठ न हलवता पुटपुटला, "ऐकलं न्हवं तू?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं ती ऐकते हे त्याला ठाऊक होतं. पण काय ऐकलं मी? आज पिऊन आलास म्हणून गप्प राहिलास, की उद्याची खात्री नाही म्हणून? विचारायची गरज नव्हती, त्याची मान तिच्या नाकापासून वीतभर लांब होती. एक श्वास पुरला असता. वास आला असता तर पंधरा वर्षं आपलंच खरं. आणि नसता आला तर... तर आपण कोण, हे तिला सात महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

टाळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या रांगेत आकांक्षा मान उंच करून आईच्या कपाळाकडं बघत होती, निकालाची वाट बघत. करुणानं श्वास धरून ठेवला. शालीची घडी नीट करण्यात तिनं उगाच वेळ लावला, एकदा, दोनदा. छाती भरून आली, कपाळ तिनं दगडासारखं ताठ ठेवलं, आणि तरी डावी भुवई तिला न विचारता हलू बघत होती.