चार आजोबांची

मित्रांनो, मी एक जुनी, काठाशी चेपलेली स्टीलची वाटी आहे. एकाच पत्र्यातून दाबून काढलेल्या आम्ही चार सारख्या बहिणी. आजोबांच्या थरथरत्या हातून पडून मला पोचा आला आणि तेव्हापासून मी त्यांचीच झाले.

त्या घरात एक पिटुकली होती. आजोबा आपल्या या नातीला आमच्यावरच मोजायला शिकवत. जेवणाआधी ती प्रत्येक ताटाशी एकेक वाटी ठेवी. “एक माझी, दोन आईची, तीन बाबांची, चार आजोबांची!”

एकदा आजोबांनी मला उचलून रांगेत पहिली ठेवली. “मोज आता.”

“आजोबा, लबाडी नको! ही चार आहे. चार शेवटी बसते.”

“अगं वेडाबाई, आकडा म्हणजे वाटीचं नाव नव्हे. कुठूनही मोज, चारच भरतील.”

“तुम्हाला काही येत नाही!”

आजोबा पोट धरून हसले. “बरं बाई, उद्या शिकव मला.”

तो उद्या उजाडला तेव्हा आजोबा नव्हते. झोपेतच गेले. काही दिवसांनी आईने मला फडताळात मागे सारले.

त्यानंतर पिटुकली चमचे मोजी, बटाटे मोजी, जिन्याच्या पायऱ्या मोजी: एक, दोन, तीन, पाच. शाळेतल्या बाईंनी कळवले की मुलगी मागे पडते आहे. बाबा वैतागले. “येत होतं तेही विसरलीस? डोक्यात बटाटे भरलेत का?” पिटुकली खाली मान घालून पुन्हा मोजी आणि पुन्हा तिथेच चुके. मला कारण ठाऊक होते. पण वाटीला तोंड असले तरी वाचा नसते.

अखेर एका दुपारी आईने चमचे बाजूला ठेवले आणि हळूच विचारले, “चार कुठे गेली गं?”

“आजोबांबरोबर.”

आई उठून फडताळाशी गेली. मग तिने मला बाहेर काढले, पदराने पुसले आणि माझ्या बहिणींमध्ये ठेवले. रोज ती आमच्या जागा बदले आणि लेकीला पुन्हा मोजायला लावी. रागावली मात्र कधीच नाही.

मित्रांनो, घरातल्या लहानग्याचे मोजणे चुकले, तर हसण्याआधी, रागावण्याआधी त्याला विचारा. गाळलेल्या आकड्याच्या जागी कोणीतरी बसलेले असू शकते.

परवा पिटुकलीने माझ्यावर बोट ठेवले आणि न अडखळता म्हणाली, “दोन.” बरोबरच होते. आईने तिला कुशीत घेतले. आता त्या घरात मला आजोबांची म्हणणारे कोणी उरलेले नाही.