अडुसष्ट हजार ओहम

गिटार नाही. फक्त गिटारची वायर. एक टोक अ‍ॅम्पच्या भोकात, दुसरं खुर्चीच्या पाठीवरून लोंबणारं. आवाजाचं बटण पूर्ण उजवीकडे. आतल्या काचेच्या नळ्या तापून लाल झाल्या की आधी सरसर येते, तुसाच्या ढिगावर कुणी चालल्यासारखी, आणि त्या सरसरीतून

— किलो माइक, गुड मॉर्निंग, गो अहेड —

रीना.

लोकेशची बायको. कागदावर अजून बायको. गेल्या उन्हाळ्यात ती बिरसीतलं हे घर सोडून गोंदियाला खोली करून राहिली. नोकरी मात्र इथेच, विमानतळाच्या टॉवरमध्ये. शिकाऊ वैमानिकांना कधी उडायचं, कधी उतरायचं, हे ती सांगते. ‘किलो माइक’ हे त्यांच्यातल्या एका विमानाचं रेडिओवरचं नाव. घरामागच्या बांधावर उभं राहिलं की टॉवरच्या काचा दिसतात. ती दिसत नाही.

गिटारचा आवाज मोठा करणारा हा अ‍ॅम्प लोकेशने घरीच बांधलेला. पाच वॅटचा, छोटा, लाकडी पेटीतला. मोटर रिवाइंडिंगच्या कामात हात बसलेला असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरची तारही त्याने स्वतः गुंडाळली. देवाजींच्या भीमगीतांच्या पार्टीत तो गिटार वाजवतो. हार्मोनियम आणि ढोलकीच्या मधून वर निघेल असा टोकदार आवाज त्याला हवा होता. म्हणून त्याने पेटी उघडली आणि पहिल्या नळीच्या पायाशी बसणारा एक रेझिस्टर काढून टाकला. अडुसष्ट हजार ओहमचा, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. आवाज टोकदार झाला. पण तो दाणा नुसता आवाज बोथट करत नव्हता, रेडिओच्या लहरीही बाहेर अडवून धरत होता. तो गेला. गिटारची वायर अँटेना झाली आणि टॉवरचं बोलणं घरात शिरलं.

परत लावणं अवघड नव्हतं. शिशाचे दोन डाग मारायचे.

लोकेशने ते मारले नाहीत.



बुद्धपौर्णिमा. सकाळ. वंदना झाली, विहाराच्या अंगणात सतरंज्या, पांढऱ्या साड्या, खिरीचा वास. देवाजींनी एक संथ गाणं धरलं. दुसऱ्या कडव्याआधी सगळे थांबतात, एकटी गिटार वाजते. लोकेशने बोटं तारांवर ठेवली आणि

— किलो माइक, नो रश. टेक युअर टाइम. यू आर डूइंग फाइन —

अंगणभर.

आधी कुणाला कळलं नाही. मग सुशिलाबाईंना कळलं.

"अवं, हे तं आपली रीना! सून परत आली वाटते!"

बाया हसल्या. पोरं अ‍ॅम्पभोवती गोळा झाली. कुणीतरी मोबाइल वर धरला. देवाजींनी हार्मोनियमचा भाता सोडला.

"लोकेश, मशीन बंद कर, नाही तं बायकोले माइक दे. एक काही तरी कर गा!"

लोकेशने बंद केलं नाही. सगळ्यांनी ते पाहिलं. तो मान वाकडी करून ऐकत राहिला, विमान उतरेपर्यंत, आणि मोबाइलमध्ये तेही आलं.



संध्याकाळी तो व्हिडिओ गोंदियात. दुसऱ्या दिवशी आमगावात, रीनाच्या माहेरी. तिसरा माणूस ज्याने तो पाहिला तो रीनाचा साहेब.

(तिसरा की तेरावा, कुणी मोजलं नाही. साहेबाने पाहिला एवढं खरं.)



सुट्टीच्या दिवशी रीना आली. स्कूटी दारात लावली. चप्पल काढली नाही, मग काढली.

"बस ना बाई," पार्वताबाई म्हणाल्या. लोकेशची आई. "चहा मांडतो."

"नको आई. मी याले एक विचाराले आली." ती लोकेशकडे वळली. "तू हे मुद्दाम केलं?"

"नाही. आपोआपच येते."

"आपोआप! माझा आवाज गावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून राहिला. साहेब म्हणे, तुमच्या घरी रेडिओ लावला का? का सांगू मी त्याले? नवऱ्यानं गिटारचा डबा उघडला म्हणून?"

"दाखवतो. पाह्य."

त्याने अ‍ॅम्प लावला. नळ्या तापल्या. आज तिची ड्युटी नव्हती; जाडसर पुरुषी आवाज आला, वाऱ्याचा वेग सांगून गेला. रीनाने खुर्चीकडे पाहिलं. पाठीवरून लोंबणारी वायर. खुर्चीखाली जुन्या चहाचा कप, त्यात मुंग्या. गिटार कोपऱ्यात, खोळीतच.

"गिटार तं लावलीच नाही."

लोकेशने बटण डावीकडे वळवलं.

"रोज सकाळी लावून बसते थो," पार्वताबाई आतून म्हणाल्या. "चहा थंडा होते. मी म्हणतो, फोनच कर ना बापा. तं नाही करत."

रीना खाली बसली. जमिनीवरच.

"काऊन ऐकतोस?"

"तू घरी असं बोलत नव्हती."

"कसं?"

"थंड्यानं. घाई नको, जमून राहिलं तुले, असं. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपे. मी विचारलं का झालं, तं म्हणे काही नाही. दोन वर्ष काही नाही, काही नाही. अन् तिकडे कोणत्या पोराले —"

"ते पोरगं पहिल्यांदा एकटं उडून राहिलं होतं, लोकेश."

"मी बी एकटाच होतो."

"तू जमिनीवर होतास."

चहा आला. तिने घेतला. अर्धा प्याली आणि कप हातातच ठेवला.

"दिवसभर एक शब्द चुकला तं कोणी मरते," ती म्हणाली. "घरी आल्यावर माझ्यात बोलणं उरतच नव्हतं. तुले ते समजलं नाही. मलेही सांगता आलं नाही. आता ते गेलं. पण हे तू बंद कर. सगळा दिवस मले वाटत राहते, तू तिथे बसला आहेस. मी बोलताना अडकते. परवा अडकली. वर माणूस होता अन् मी अडकली."

लोकेशने मान हलवली. एवढं त्याला कळलं. बाकीचं कळायला त्याला दोन वर्षं मिळाली होती.



जोडणी.

प्लग काढला. पेटी उलटी केली, मागचे स्क्रू काढले.

रीनाने मोबाइलचा उजेड धरला. तिचा हात जवळ आला तसा तो म्हणाला, "हात नको लावू. झटका मारन."

"प्लग काढला ना तू?"

"तरी आत करंट राहते. आधी उतरवा लागते."

त्याने ते उतरवलं. मग इस्त्रीच्या टोकासारखी तापलेली, डाग मारायची कावी, शिशाचा धूर. दाण्याएवढा रेझिस्टर चिमट्यात. एक टोक पहिल्या नळीच्या पायाला.

दुसरं टोक धरताना दाणा हलला आणि पहिला डाग कच्चा बसला. रीनाने धरलेला उजेड हलला नाही. त्याने तो डाग काढला, पुन्हा मारला. ती असं म्हणाली असती तर, घाई नको, जमून राहिलं तुले, एवढंच, तर त्याने कदाचित कावी खाली ठेवली असती. ती म्हणाली नाही. तिला माहीत होतं की काय, कोण जाणे.

डाग पक्का बसला.

"उद्या माझी सकाळची ड्युटी," ती चप्पल घालत म्हणाली. "ऐकून सांग. खरं सांगशील."

"खरंच सांगन."

"पुढच्या महिन्यात वकिलाकडे येशील?"

"येईन."

पार्वताबाईंनी तिच्या डिकीत शेवग्याच्या शेंगा ठेवल्या. कोणी नको म्हटलं नाही.



सकाळ. वायर खुर्चीवर. बटण पूर्ण उजवीकडे. नळ्या लाल. सरसर, आधीपेक्षा बारीक, आणि त्या सरसरीतून

—                    —

त्याने वायर उंच धरली. खिडकीतून बाहेर काढली. पुन्हा कान लावला.

—                    —

डाग पाहायला हवा होता का? नाही. डाग चांगला होता. त्याने स्वतः मारला होता.

अ‍ॅम्प तसाच चालू ठेवून तो मागच्या बांधावर गेला. उन्हाळी धानाच्या वरून एक पांढरं छोटं विमान खाली येत होतं, पंख डुचमळत. नवीन हात असणार. खूप खाली आलं, आणि मग एकाएकी नाक वर करून, इंजिन ओरडवत, उतरता उतरता परत उडालं.

म्हणजे ती बोलली होती. आत्ता. वर जा, फिरून ये, असं काहीतरी. आणि त्यानंतर आणखी काही, कारण विमान आता घाबरल्यासारखं नव्हतं. मोठा वेढा घेत सावकाश वळत होतं. कोणीतरी त्याला सावकाश म्हणालं असणार.

लोकेशने मोबाइल काढला. 'काहीच नाही येत.' पाठवला. ड्युटीवर ती फोन पाहत नाही, हे त्याला माहीत होतं, तरी तो स्क्रीनकडे पाहत उभा राहिला.

मागून पार्वताबाई आल्या. हातात त्याचा चहा. त्यांनी आत अ‍ॅम्पला कान लावून पाहिला होता आणि काही ऐकू आलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

"का म्हणते रीना?"

विमान पुन्हा धावपट्टीच्या सरळ रेषेत आलं होतं. या वेळी पंख स्थिर होते. चाकं टेकली, एकदा उसळली, टेकली.

"उतर म्हणते," लोकेश म्हणाला.